शोरूमचं बिल आणि मिस्त्रीचा हिशेब: साताऱ्यात महागडी गाडी सांभाळताना

साताऱ्यात पोवई नाक्यावर पाच मिनिटं उभं राहिलं तरी आता एखादी मर्सिडीज, बीएमडब्ल्यू किंवा ऑडी समोरून जाते. त्यातल्या बऱ्याच सेकंडहँड असतात. सात-आठ वर्षं वापरलेली सेडान आज नव्या मध्यम एसयूव्हीच्या भावात, कधी त्याहूनही कमीत मिळते. घेणारा मनात हिशेब मांडतो की गाडी पंधरा लाखांची, म्हणजे खर्चही पंधरा लाखांच्या गाडीइतका येणार. पहिली चूक इथेच होते. गाडीचा भाव उतरतो, पण तिच्या पार्टचा भाव उतरत नाही. नवी असताना जी पंचेचाळीस लाखांची होती, तिचा हेडलाइट, गिअरबॉक्स आणि ब्रेक डिस्क आजही पंचेचाळीस लाखांच्या गाडीचेच असतात.

माझी २०१४ सालची बीएमडब्ल्यू ३२०डी आहे. २०२० मध्ये पुण्यातून घेतली आणि तेव्हापासूनची एकूण एक पावती एका फाईलमध्ये लावून ठेवली. त्यात शोरूमची बिलं आहेत, पुण्यातल्या एका खासगी वर्कशॉपची आहेत आणि इथल्या गॅरेजचीही आहेत. (अधिकृत सर्व्हिस सेंटरला आपल्याकडे सगळे शोरूमच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो.) नव्याने अशी गाडी घेतलेले लोक मला एकच प्रश्न विचारतात, "शोरूमला टाकायची की बाहेर?" फाईल चाळल्यावर मला पटलेलं उत्तर असं की हा निर्णय गाडी घेतल्यावर एकदाच करून चालत नाही. तो कामागणिक करायचा असतो. कसा करायचा, ते क्रमाने सांगतो.

आधी चेसिस नंबर घेऊन शोरूमला फोन करा

गाडी घेतली असो वा घ्यायची असो, आरसीवरचा सतरा अक्षरी चेसिस नंबर लिहून घ्या. पुढे कायम गॅरेजला जायचं ठरवलं असलं तरी पहिला फोन शोरूमलाच करा आणि तीन गोष्टी विचारा. सर्व्हिसच्या नोंदी कुठपर्यंत आहेत? गाडीवर एखादं सर्व्हिस पॅकेज किंवा वाढीव वॉरंटी शिल्लक आहे का? आणि एखादा रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावणं, बाकी आहे का?

पॅकेजचं अनेकांना ठाऊकच नसतं. पहिल्या मालकाने पाच-सहा वर्षांचं पॅकेज घेतलेलं असतं, गाडी तिसऱ्या-चौथ्या वर्षी विकली जाते आणि दुसरा मालक पैसे भरून ऑइल बदलत राहतो. असं पॅकेज बहुधा गाडीला जोडलेलं असतं, त्यामुळे मालक बदलला तरी ते चालू राहतं. रिकॉलचं काम तर फुकट होतं, मालक कितवाही असो. तकाता कंपनीच्या एअरबॅगमधल्या दोषामुळे जगभरात कोट्यवधी गाड्या परत बोलावल्या गेल्या, त्यात या तिन्ही जर्मन कंपन्यांच्या गाड्याही होत्या. जुन्या गाडीच्या बाबतीत हा फोन टाळू नका. स्टिअरिंगमधली एअरबॅग वर्षानुवर्षं आपल्या छातीसमोर असते.

दिल्ली पासिंगच्या गाड्यांबद्दल इथेच एक सांगतो. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर आधी हरित लवादाच्या आणि मग २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने निर्बंध आले, त्यामुळे वय झालेल्या डिझेल गाड्या बाहेरच्या राज्यांत स्वस्तात विकल्या गेल्या. भाव पाहून माणूस हरखतो. पण एनओसी, इथलं पासिंग, महाराष्ट्राचा रोड टॅक्स आणि राहिलेली सगळी कामं धरली की बरीचशी स्वस्ताई संपते. अशी गाडी घेताना सर्व्हिसच्या नोंदी मिळाल्याच पाहिजेत. त्या नसतील तर मी घेणार नाही.

बिल कसं वाचायचं

बिलाच्या खालची एकूण रक्कम तेवढी पाहून तुलना करू नका. प्रत्येक बिलाचे तीन ढीग करा: माल, मजुरी आणि कर.

कराचं आधी उरकून घेऊ. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या पार्टवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. मजुरीवर तो १८ टक्केच होता. म्हणून २०२४ चं शोरूमचं बिल आणि आजचं गॅरेजचं बिल शेजारी ठेवायचं असेल तर कर बाजूला काढून ठेवा. आणि गॅरेजवाला "बिल नको असेल तर कमी करतो" म्हणाला तरी पक्कं बिलच घ्या. चार महिन्यांनी तो पार्ट गेला तर हातात दाखवायला तेवढाच कागद असतो.

आता माल. बीएमडब्ल्यूचा पार्ट नंबर अकरा आकडी असतो आणि पहिले दोन आकडे गाडीचा भाग सांगतात. ११ म्हणजे इंजिन, १७ कूलिंग, २४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ३१ पुढचा ॲक्सल, ३४ ब्रेक, ६४ एसी. एवढं पाठ केलं तरी बिलातली अनोळखी ओळ कुठल्या कप्प्यातली आहे ते कळतं. मर्सिडीजचा नंबर 'ए'ने सुरू होतो आणि पुढचे तीन आकडे बहुधा मॉडेल किंवा इंजिनची मालिका सांगतात. २०५ दिसलं तर सी-क्लासच्या त्या पिढीसाठी बनलेला पार्ट, ६५१ दिसलं तर त्या डिझेल इंजिनाचा. चेसिस नंबरची शेवटची सात अक्षरं रिअलओईएमसारख्या कॅटलॉगमध्ये टाकली की बीएमडब्ल्यूच्या प्रत्येक स्क्रूपर्यंतचं चित्र आणि नंबर समोर येतो. एका रविवारी तासभर बसून आपल्या गाडीची चित्रं पाहा. शोरूममध्ये किंवा गॅरेजमध्ये बोलताना त्या तासाचा उपयोग होतो.

नंबर कळला की पुढची पायरी डब्याची. बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीज स्वतः फिल्टर बनवत नाहीत, ब्रेक पॅडही बनवत नाहीत. मान, माहले, बॉश, झेडएफ, लेमफर्डर, साक्स, एटीई, ब्रेम्बो अशा कंपन्या तो माल बनवून त्यांना देतात आणि आपल्या डब्यातही विकतात. मी लेमफर्डरच्या डब्यातला एक आर्म (सस्पेन्शनमधला, चाकाला गाडीशी जोडणारा दांडा) हातात घेऊन पाहिला, तर ओतीव धातूवर एका जागी चकचकीत घासल्याची खूण होती. इथल्या गॅरेजच्या मिस्त्रींनी त्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "दादा, हितं गाडीच्या कंपनीचा शिक्का हुता. डब्यात घालायच्या आधी घासून काढत्यात." पार्ट तोच होता, फक्त शिक्का गेलेला होता आणि भाव बराच खाली आलेला होता. याला ओईएम माल म्हणतात. त्याखाली आफ्टरमार्केट येतो, म्हणजे दुसऱ्याच कंपनीने त्याच मापाचा बनवलेला. तो बरा असतो, वाईटही असतो. सगळ्यांत खाली नकली माल, म्हणजे नामांकित कंपनीच्या डब्याची नक्कल. फिल्टर आणि ब्रेक पॅडमध्ये हा धोका मोठा आहे. भाव बाजारापेक्षा निम्म्यावर दिसला तर ती वस्तू घेऊ नका, ब्रेकची तर मुळीच नको.

ऑडीवाल्यांना एक सोय आहे. ऑडी, स्कोडा आणि फोक्सवॅगन एकाच घरातल्या आहेत, त्यामुळे २.० टीडीआय इंजिनाचे कितीतरी पार्ट ऑक्टाव्हिया, सुपर्ब किंवा पसाटशी जुळतात. नंबर तंतोतंत जुळत असेल तर स्कोडाच्या पार्टवाल्याकडेही विचारा.

मजुरीची गंमत वेगळी आहे. शोरूममध्ये फिटरने प्रत्यक्षात किती वेळ लावला यावर मजुरी लागत नाही, कंपनीने त्या कामाला ठरवून दिलेल्या वेळेवर लागते. बीएमडब्ल्यूच्या बिलात 'एफआरयू' दिसेल. एक एफआरयू म्हणजे पाच मिनिटं, बारा झाले की तास. चोवीस लिहिले असतील तर दोन तासांची मजुरी. यात पाहायचं ते असं की एकमेकांशेजारच्या दोन कामांची खोलण्याची मजुरी दोनदा तर लागली नाही ना. बेल्ट काढल्याशिवाय तो ताणून धरणारा टेन्शनर निघत नाही. दोन्ही एकदम बदलत असाल तर बेल्ट काढायचा वेळ एकदाच धरायला हवा. हे शांतपणे विचारलं की सर्व्हिस ॲडव्हायझर बहुतेक वेळा दुरुस्त करून देतो.

उरल्या त्या वरकड ओळी: इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनर, एसी ट्रीटमेंट, अंडरबॉडी कोटिंग, इंटिरिअर पॉलिश. माझा एकच प्रश्न असतो, "ही ओळ कंपनीच्या शेड्युलमध्ये आहे का?" नसेल तर काढायला सांगा. ऑइल किती लिटर लावलंय तेही पाहा. माझ्या इंजिनात सुमारे सव्वापाच लिटर बसतं. बिलात त्याहून जास्त दिसलं तर मी विचारतो.

आता माझ्याच फाईलमधली दोन बिलं. काम एकच: ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, केबिन फिल्टर, ब्रेक ऑइल. ऑइल दोन्हीकडे त्याच स्पेसिफिकेशनचं. कर सोडून शोरूमचा माल १७,८०० आणि मजुरी ७,२०० रुपये. गॅरेजचा माल ११,४०० आणि मजुरी २,८०० रुपये. फरक १०,८०० रुपयांचा. शोरूमची मजुरी महाग, असं सगळे म्हणतात. पण फोड केली तर ६,४०० चा फरक मालात होता आणि ४,४०० चा मजुरीत. म्हणून माल नीट घ्यायला शिकलात तर निम्म्याहून जास्त बचत तिथेच होते.

दुसरं उदाहरण मात्र निदानाचं आहे. ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरायचं आणि खड्ड्यात पुढून डाव्या बाजूने 'धड' असा आवाज यायचा. शोरूमने पुढचे दोन्ही आर्म, नवे बोल्ट आणि अलाइनमेंट असं मिळून ५८,००० चं एस्टिमेट दिलं. साताऱ्यात मिस्त्रींनी गाडी रॅम्पवर घेतली, चाकामागे पहार घालून आर्म हलवला आणि टॉर्च मारून दाखवलं. आर्मच्या टोकातल्या बुशचं रबर फाटून त्यातलं तेल आर्मवर ओघळलं होतं. काळा चिकट ओघळ आणि त्यावर धूळ. आर्म सरळ होता, बॉल जॉइंट घट्ट होता. दोन्ही बाजूंचे बुश प्रेसवर बदलून, अलाइनमेंट धरून १३,५०० रुपये झाले. शोरूमने फसवलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या पद्धतीत अख्खा आर्म बदलतात आणि त्यावर वॉरंटी देतात. पण मला ४४,५०० रुपये वाचवण्याचा पर्याय होता आणि तो त्यांनी आपणहून सांगितला नाही. म्हणून मोठं एस्टिमेट हातात पडलं की लगेच हो म्हणू नका. "नेमकं काय खराब आहे ते रॅम्पवर दाखवा," एवढं म्हणा.

जाण्यायेण्याचा खर्च धरा

साताऱ्याहून पुणे सुमारे ११० किलोमीटर. जाऊन-येऊन अठरा-वीस लिटर डिझेल, आनेवाडी आणि खेड शिवापूर हे दोन टोल दोन्ही वेळा, आणि एक दिवस. काम एका दिवसात झालं नाही तर गाडी ठेवून एसटीने परत यायचं आणि पुन्हा आणायला जायचं. सांगलीकरांना कोल्हापूर पन्नास किलोमीटरवर आहे, पण ज्या ब्रँडचं काम पुण्यालाच होतं त्यासाठी त्यांचा पल्ला साताऱ्याच्या दुपटीहून मोठा आहे. म्हणून शोरूमची कामं साठवा आणि वर्षातून एक फेरी करा. निघण्याआधी फोन करून पार्ट आलाय का ते पक्कं करा. "मागवावा लागेल" हे ऐकायला खंबाटकी ओलांडून जाऊ नका.

गाडी बंदच पडली तर दोरी बांधून ओढू देऊ नका. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला इंजिन चालू असतानाच तेल पोचतं. इंजिन बंद ठेवून चाकं फिरवली की आतला भाग कोरडा घासतो. अख्खी गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रकच मागवा. विम्यात रोडसाइड असिस्टन्स आहे का, ते आजच पाहून ठेवा.

कोणतं काम कुठे

वॉरंटी चालू असेपर्यंत सगळं शोरूमला, हा माझा सल्ला. पण "बाहेर हात लावला तर वॉरंटी गेली" हे वाक्य जसं ऐकवलं जातं तसं सरसकट खरं नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींहून जास्त दंड केला होता, त्यात बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजही होत्या. मुद्दा हाच होता की स्पेअर पार्ट आणि स्कॅनिंगची साधनं बाहेरच्या मेकॅनिकला मिळू दिली जात नाहीत. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल, असंही त्या आदेशात आहे. पुढे काही कंपन्या अपिलात गेल्या. व्यवहारात मात्र वॉरंटीतला दावा भांडून मिळवण्यापेक्षा ती दोन-तीन वर्षं नियमाने काढलेली बरी.

वॉरंटी संपल्यावर मी अशी वाटणी करतो. रिकॉल, नवी चावी, एअरबॅग आणि कंपनीच्या सर्व्हरला जोडून करायचं सगळं कोडिंग (नव्या पार्टची गाडीच्या कॉम्प्युटरला ओळख करून देणं) शोरूमला. मर्सिडीजमध्ये काही कंट्रोल युनिट बदलल्यावर ऑनलाइन कोडिंग लागतं. ऑडीत एखादं युनिट दुसऱ्या गाडीतून काढून बसवलं तर कॉम्पोनंट प्रोटेक्शन नावाचं सॉफ्टवेअरचं कुलूप त्याला नीट चालू देत नाही. इथे गॅरेजमध्ये खटपट करून पैसे आणि दिवस दोन्ही जातात. अपघाताचं कॅशलेस कामही बहुधा शोरूमलाच सोयीचं पडतं.

ऑइल, फिल्टर, ब्रेक, सस्पेन्शनचे बुश, बेल्ट, एसीचा गॅस, गळती, वायरिंग ही कामं चांगल्या गॅरेजला. वायरिंगचं मुद्दाम लिहितो. ऊसतोड सुरू झाली की शेतातले उंदीर वस्तीकडे सरकतात आणि इंजिनाच्या उबेला येऊन बसतात. कुरतडलेल्या दोन वायरींसाठी शोरूम अख्खा हार्नेस, म्हणजे वायरींचा पूर्ण जुडगा, सांगू शकतं. जाणता ऑटो इलेक्ट्रिशियन त्या दोन वायरी डाग देऊन, नळी चढवून जोडतो. फक्त एअरबॅगच्या पिवळ्या वायरीला त्याला हात लावू देऊ नका.

मधल्या कामांसाठी तिसरी जागा लागते: पुण्यातलं एकाच ब्रँडचं काम करणारं खासगी वर्कशॉप. गिअरबॉक्स, इंजेक्टर, एअर सस्पेन्शन, टायमिंग चेन ही त्यांची कामं. माझ्या इंजिनाची चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या अंगाला आहे, त्यामुळे ती बदलायची म्हणजे मोठी खोलाखोल. सकाळी थंड इंजिन सुरू करताना मागून खरखर येते का, हे या पिढीची डिझेल बीएमडब्ल्यू घेताना कान देऊन ऐकाच. एअर सस्पेन्शनच्या गाडीला तपासणी सोपी आहे. रात्री सपाट जागी लावा आणि सकाळी एक कोपरा बसलेला दिसतो का पाहा.

आणि डीपीएफ, म्हणजे डिझेलच्या काजळीचा फिल्टर. गाडी रोज गोडोली ते पोवई नाका एवढीच फिरत असेल तर तो भरणारच. दिवा लागला की आधी हायवेला घ्या आणि कराडपर्यंत एका लयीत चालवून परत या. बरेचदा तेवढ्याने काजळी जळून जाते. काही जण हा फिल्टर काढून टाकायचा सल्ला देतात. तो ऐकू नका. ते बेकायदा आहे, आणि मागे येणाऱ्या दुचाकीवाल्याच्या नाकात तो धूर जातो.

गॅरेजची परीक्षा

पाटीवर कोणत्या गाड्यांचे लोगो आहेत ते पाहून गॅरेज निवडू नका. जाऊन काही प्रश्न विचारा.

"या गाडीला कोणतं ऑइल घालता?" याला "फुल सिंथेटिक आहे, काय होत नाय" हे उत्तर पुरेसं नाही. डीपीएफ असलेल्या बीएमडब्ल्यू डिझेलला लाँगलाइफ-०४, तशाच मर्सिडीजला २२९.५१ किंवा २२९.५२, ऑडीला ५०७.०० असं स्पेसिफिकेशन लागतं आणि ते डब्याच्या मागे छापलेलं असतं. नेमकं कोणतं ते मॅन्युअलमध्ये पाहून जा. उत्तरात हा आकडा आला तर पुढे बोला.

"मागचे ब्रेक पॅड कसे बदलता?" इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या गाडीत आधी स्कॅनरने मोटर मागे घ्यावी लागते. क्लॅम्प लावून जोर करणाऱ्याला गाडी देऊ नका, मोटर तुटते.

"बॅटरी बदलल्यावर रजिस्टर करता का?" हा प्रश्न मी पैसे घालवून शिकलो. एका गॅरेजने माझ्या गाडीला एजीएम प्रकारच्या बॅटरीऐवजी साधी बॅटरी बसवली, सात हजार वाचले म्हणून मीही खूश झालो. नव्या बॅटरीची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये केलीच नाही. गाडी तिला जुनीच एजीएम समजून चार्ज करत राहिली. चौदा महिन्यांत बॅटरी गेली, तीही पहाटे पाच वाजता, आईला दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा. शेजाऱ्यांची गाडी मिळाली म्हणून वेळेवर पोचलो. त्या दिवसापासून बॅटरीत मी पैसे वाचवत नाही.

शेवटचा प्रश्न सगळ्यांत कसाचा. "ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल भरल्यावर पातळी कशी बघता?" बऱ्याच जर्मन गाड्यांत झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक असतो. गाडीची कंपनी त्याच्या ऑइलला 'लाइफटाइम' म्हणते, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांत ते बदलायला सांगते. मी बनवणाऱ्याचं ऐकतो. आता काम कसं चालतं ते पाहा. गिअरबॉक्सच्या तळाचा ऑइलचा चेंबर प्लास्टिकचा असतो आणि फिल्टर त्यातच बसवलेला, म्हणून अख्खा चेंबर बदलतात. पुण्याच्या वर्कशॉपमध्ये मी शेजारी उभा होतो. गाडी चारी बाजूंनी सपाट उचललेली, इंजिन चालू, एक मुलगा आत बसून स्कॅनरवर गिअरबॉक्सच्या ऑइलचं तापमान मोठ्याने वाचतोय. "सव्वीस... अठ्ठावीस..." तिशीच्या पुढे गेल्यावर खालच्या मिस्त्रींनी बाजूच्या प्लगमधून ऑइल पंप करायला घेतलं. आधी धार परत आली, मग ती बारीक झाली आणि थेंब थेंब पडायला लागल्यावर त्यांनी प्लग आवळला. तापमान पन्नासच्या वर गेलं असतं तर ऑइल फुगतं, पातळी चुकते आणि सगळं पुन्हा करावं लागतं. ज्या गॅरेजमध्ये तापमान न पाहता "जेवढं काढलं तेवढं घालतो" म्हणतात, तिथे इंजिन ऑइल बदलून घ्या, गिअरबॉक्स नको.

गॅरेज पसंत पडलं तरी पहिल्याच दिवशी मोठं काम देऊ नका. एक ऑइल सर्व्हिस द्या. जुने पार्ट डिकीत ठेवायला सांगा. चेंबरखालच्या प्लास्टिक कव्हरचे सगळे स्क्रू परत लागलेत का, ते वाकून पाहा. जो चार स्क्रू विसरतो त्याच्याकडे पुढे ब्रेक द्यायचे की नाही, ते तुम्हीच ठरवा. काम चांगलं झालं तर घासाघीस न करता मजुरी द्या. या गाड्या शिकायला मिस्त्रींनी स्कॅनरवर पदरचे लाखभर रुपये घातलेले असतात.

पैसे आणि कागद

मी महिन्याला आठ हजार रुपये गाडीच्या नावाने वेगळ्या खात्यात टाकतो. काही महिने काहीच निघत नाही, मग एकदम चार टायर किंवा गिअरबॉक्स ऑइल येतं. रनफ्लॅट, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर चालणारे टायर असतील तर तो आकडा आधीच विचारून ठेवा.

गॅरेजमध्ये केलेल्या प्रत्येक कामाच्या बिलावर किलोमीटर, तारीख, ऑइलचं स्पेसिफिकेशन आणि पार्ट नंबर लिहून घ्या. शोरूमच्या कॉम्प्युटरमध्ये बाहेरच्या कामाची नोंद होत नाही. विकताना ही फाईलच गाडीची साक्ष देते. शोरूम असो वा गॅरेज, काम बिघडलं आणि दाद मिळत नसेल तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दोन्हीकडे बिल आणि एस्टिमेट मागतात.

काम झाल्यावर

गाडी ताब्यात घेतल्यावर लगेच घरी जाऊन लावू नका. पुण्याहून येत असाल तर खंबाटकीचा चढ आपोआप परीक्षा घेतो. तिथे एसी चालू ठेवून चढा, चढावर गिअर झटका देऊन पडतात का पाहा, आणि वर आल्यावर कूलंटचा वास येतो का बघा. साताऱ्यातच काम केलं असेल तर यवतेश्वरचा घाट चढून या.

रात्री गाडीखाली एक मोठा कोरा पुठ्ठा सरकवून ठेवा. फ्रिजच्या खोक्याचा असेल तर उत्तम, इंजिनापासून गिअरबॉक्सपर्यंत पुरतो. पुढचं चाक कुठे येतं ती खूण पेनाने करा. सकाळी नुसतं स्वच्छ पाणी दिसलं तर ते एसीचं, काळजी नको. काळपट तपकिरी डाग पुढच्या भागात असेल तर इंजिन ऑइल. निळा, हिरवा किंवा गुलाबी आणि चिकट असेल तर कूलंट. चाकाच्या खुणेच्या बऱ्याच मागे, गाडीच्या मध्यावर तेलकट थेंब असतील तर गिअरबॉक्सचा चेंबर किंवा त्याच्या इलेक्ट्रिक प्लगची स्लीव्ह. पुठ्ठ्याचा फोटो काढून मिस्त्रींना त्याच सकाळी पाठवा आणि पुठ्ठा डिकीत टाकून गाडी दाखवायला घेऊन जा.